डोळ्यांचे पारणे : उल्हास खोऱ्यातील आठवडा, अन्न आणि चित्रपट

१

एखादे दृश्य पाहून मन तृप्त झाले म्हणजे ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. पारणे म्हणजे उपवास सोडताना केलेले भोजन. ज्याने उपवास केला नाही त्याच्यापुढे तेच ताट वाढले, तरी ते पारणे ठरत नाही. ते नित्याचे जेवण होते. या वाक्प्रचाराने पाहण्याच्या सुखाला भोजनाची उपमा दिली आहे आणि त्याबरोबरच त्या सुखाला एक पूर्वअटही घातली आहे. मराठी आस्वादमीमांसेने उपमेचा पुष्कळ विचार केला. पूर्वअटीचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो.

उपमा मूळची भरतमुनींची आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरतांनी स्वयंपाकघरातील दृष्टान्त घेतला. अनेक पदार्थ आणि मसाले एकत्र आल्याने चव सिद्ध होते; प्रसन्न चित्ताने जेवणारा ती चव चाखतो; नाट्याचा प्रेक्षकही तसाच. पुढील शास्त्रकारांनी पानकाचा दृष्टान्त आणून असे दाखविले की पन्हे पिताना गूळ, मिरी, वेलची यांची चव वेगवेगळी लागत नाही, एकच अखंड चव लागते. आधुनिक काळात रा. श्री. जोग, द. के. केळकर, के. ना. वाटवे यांच्या पिढीने रसांची संख्या, रसाचे स्थान आणि रसाची लौकिकता अथवा अलौकिकता या प्रश्नांचा सूक्ष्म ऊहापोह केला. दृष्टान्तातील अन्न मात्र दृष्टान्तातच राहिले. त्यामुळे दोन साधे प्रश्न विचारावयाचे राहून गेले. जेवावयास बसलेला हा रसिक किती भुकेला होता? आणि त्याच्या पुढ्यातील अन्न कोणी शिजविले?

या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथांपेक्षा लोकांच्या दिनक्रमात अधिक सहजपणे सापडण्याचा संभव आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन नगरांचा आठवडा त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कारण येथे अन्न आणि चित्रपट या दोन्ही आनंदांना वाराचे बंधन आहे, आणि ते बंधन धर्माने जितके घातले तितकेच कारखान्याने आणि रेल्वेनेही घातले आहे.

२

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ही नगरे एकापाठोपाठ येतात. उल्हासनगर ही मूळची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. ‘कॅम्प’ हा शब्द क्रमांकासह तेथील पत्त्यात अजूनही टिकून आहे. अंबरनाथला शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. आणि त्याच गावाने विसाव्या शतकात आगपेट्यांचा कारखाना, शस्त्रास्त्र निर्माणी आणि औद्योगिक वसाहत पाहिली. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. तेथून रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराचे दिवसाचे सुमारे तीन तास गाडीत जातात.

साप्ताहिक सुटी ही या नगरांतील माणसाला आकाशातून मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीमुळे. आणि हे लोखंडे ठाण्याचेच. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने श्रमिकांना त्या दिवशी देवकार्यास मोकळीक हवी, हा त्यांच्या मागणीतील एक मुद्दा होता. सुटीची ही कल्पना आरंभापासूनच देव, पोट आणि करमणूक यांना एकत्र बांधून आली.

पुढे औद्योगिक विजेचा भार विभागला जावा म्हणून कारखान्यांच्या सुट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात शुक्रवार हा कारखान्यांच्या सुटीचा वार झाला. उल्हासनगरच्या बाजारातील पुष्कळ दुकानेही त्या दिवशी बंद असतात. मुंबईतील कचेऱ्यांची सुटी मात्र रविवारची. याचा परिणाम असा की एकाच घरात दोन सुट्या नांदू लागल्या. वडील अंबरनाथच्या कारखान्यात आणि मुलगा मुंबईच्या कचेरीत असेल, तर शुक्रवारी एक घरी आणि रविवारी दुसरा. दोघांनी एका ताटावर, एका पडद्यासमोर बसण्याचा योग सणावारीच येणार.

या लौकिक चौकटीवर पंचांगाची चौकट बसली आहे. पुष्कळ मराठी घरांत सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यामुळे मासळी-मटणास बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार उरतात. आगरी घरांतील तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचे कालवण, सिंधी घरांतील दाल-पकवान, कोकणस्थ घरांतील उपवासाची साबुदाण्याची खिचडी, हे सर्व वाराच्या आज्ञेत राहते. आणि शुक्रवार हाच हिंदी-मराठी चित्रपट प्रदर्शित होण्याचा वार. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली. ती तत्त्वे कलाकृतीच्या अंतर्रचनेसाठी सांगितली होती हे खरे. तथापि या नगरांतील आठवड्याकडे पाहता, वर्ज्य आणि भोज्य, काम आणि सुटी यांच्या विरोधातून जो समतोल साधला जातो त्यालाही लय म्हणण्यास हरकत नसावी. कलाकृतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रेक्षक एका लयीत बसविला गेलेला असतो.

३

या लयीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९७५ मधील ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट. ‘दीवार’ आणि ‘शोले’ यांचे हेच वर्ष. त्या दोन चित्रपटांवर पुष्कळ लिहिले गेले. विजय शर्मांनी दिग्दर्शित केलेला हा अल्पखर्ची पौराणिक चित्रपट मात्र समीक्षकांनी प्रथम गंभीरपणे घेतला नाही. प्रेक्षकांनी तो घेतला. चित्रपटगृहाबाहेर पादत्राणे काढून ठेवणारे आणि पडद्यावर नाणी उधळणारे प्रेक्षक ही त्याची ख्याती सर्वश्रुत आहे. संतोषीमातेचे व्रत सोळा शुक्रवारांचे; नैवेद्य गूळ-चण्यांचा; आणि त्या दिवशी आंबट सर्वथा वर्ज्य.

रसविचाराच्या दृष्टीने येथे एक विलक्षण गोष्ट घडते. चित्रपटाचा निर्णायक प्रसंग उद्यापनाच्या स्वयंपाकाचा आहे. सत्यवतीच्या जावा द्वेषाने त्या अन्नात आंबट मिसळतात आणि देवीचा कोप ओढवतो. सामान्य कथानकात खलनायक हातात शस्त्र घेऊन येतो; येथे तो चवीच्या रूपाने येतो. ज्या प्रेक्षक स्त्रीने स्वतः शुक्रवारी चिंच, लिंबू, दही दूर ठेवले आहे, तिला त्या थेंबाची भीती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. तिची जीभ त्या कथेत आधीच सामील झालेली असते. पटकथेची बांधणी भाबडी आहे, चमत्कारदृश्ये कच्ची आहेत, अभिनय ठरीव साच्याचा आहे. हे सर्व दोष मान्य करूनही म्हणावे लागते की प्रेक्षकाच्या देहाची पूर्वतयारी इतकी उपयोगात आणणारे हिंदी चित्रपट थोडे आहेत. डोळ्यांचे पारणे हा शब्दप्रयोग येथे जवळजवळ वाच्यार्थाने खरा ठरतो.

परंतु याच चित्रपटात एक गंभीर उणीवही आहे. सासरच्या घरात सत्यवती राबते, पण जावाही त्याच स्वयंपाकघरातल्या आहेत. त्या चुलीपाशी जो कष्टांचा डोंगर आहे तो कोणी आणि का रचला, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. स्त्रियांच्या आपसांतील मत्सरावर सर्व दोष टाकून तो मोकळा होतो. संकटातून सुटका देवीकडून होते. कामातून सुटका कोणाकडूनच होत नाही. अन्नाला एवढे महत्त्व देणारा हा चित्रपट अन्न शिजविणारीला केवळ सोशिकपणाचे श्रेय देतो.

४

उल्हासनगरात वर्ज्य-भोज्याचा हा विचार आणखी एका वियोगाशी जोडला गेला. येथील पहिल्या पिढीने उपवास केला तो एखाद्या वाराचा नव्हता. तो एका प्रदेशाचा होता. शिकारपूर, लाडकाणा, हैदराबाद ही गावे मागे राहिली, सिंधू नदी मागे राहिली. नदीबरोबर तिचा पल्ला मासाही मागे राहिला. झुलेलालच्या चित्रात तो देवाच्या आसनाखाली दिसतो. उल्हासनगरात त्याची भेट ताटापेक्षा तसबिरीत अधिक होते. भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही. अशा समाजाला आपले सामूहिक रूप पाहण्यासाठी चित्रपट हे साधन स्वाभाविक होते. पण प्रांत नसलेल्या भाषेत चित्रपट काढणे सोपे नव्हते. १९५८ मध्ये ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट निघाला. शीला रमाणी ही त्यातील नायिका, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेत कराचीत जन्मलेली साधना होती. दोनच वर्षांनी ‘लव्ह इन सिमला’मुळे साधना हिंदी पडद्याची झाली. त्या एका अभिनेत्रीच्या प्रवासात सिंधी चित्रपटाची अडचण सामावली आहे. गुणी माणसे होती, प्रेक्षकही होता; परंतु दर शुक्रवारी नवे काही देऊ शकेल असा व्यवसाय त्या भाषेभोवती उभा राहिला नाही.

जे काम चित्रपट क्वचित करू शकला ते अन्नाने नित्य केले. मैद्याचे कुरकुरीत पकवान, त्यावर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा, ही सुटीच्या सकाळची न्याहारी. दुपारी ताक न घालता भाजलेल्या बेसनाची, चिंचेने आंबट केलेली, शेवगा-भेंडी-गवार घातलेली सिंधी कढी आणि भात, सोबत दोनदा तळलेले बटाट्याचे टुक. मराठी शेजाऱ्याला या कढीचे नाव ओळखीचे आणि चव अनोळखी वाटते. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तन्मय होतो, पण स्वतःला विसरत नाही. कढीभाताच्या ताटावर बसलेल्या निर्वासिताची स्थिती नेमकी अशी होती. तो सिंधमध्ये असे आणि कॅम्पमध्येही असे. दोहोंपैकी एकही जाणीव दुसरीला पुसून टाकीत नसे. हा अनुभव काव्यानंदाहून कनिष्ठ कोटीचा मानण्यास सबळ कारण दिसत नाही.

नगरातील व्हीनस चौक आणि श्रीराम चौक ही नावे चित्रपटगृहांवरून पडलेली आहेत. देव, पुढारी आणि चित्रपटगृह यांची नावे चौकांना सारख्याच सहजतेने मिळावीत, यावरून त्या इमारतींचे नगरजीवनातील स्थान कळून येते. आठवड्यातील एका दिवशी ज्या ठिकाणी सर्वजण जात, त्या ठिकाणाने पत्ता सांगणे लोकांना सोयीचे वाटले.

५

बदलापूरच्या वाट्याला एक विचित्र योग आला. २० फेब्रुवारी २०१५ रोजी, अर्थात शुक्रवारी, श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. पुण्यातील बँकेवरील दरोड्यानंतर पळणाऱ्यांच्या हातून रघूची पत्नी आणि लहान मुलगा मारले जातात. रघू बदलापुरास येऊन राहतो आणि पंधरा वर्षे सूडाची वाट पाहतो. शीर्षकातील श्लेष हिंदी कानाला तत्काळ समजतो : बदल्याचे गाव. मराठी कानाला मात्र ‘बदला’पेक्षा ‘सूड’ हा शब्द घरचा. ‘बदल’ या शब्दाने त्याला वेगळेच काही सुचते. स्थानिक आख्यायिकेप्रमाणे मराठ्यांच्या फौजा येथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. एका अर्थाने हे थांबून ताजे होण्याचे ठिकाण, दुसऱ्या अर्थाने सूडात गोठून जाण्याचे.

चित्रपट म्हणून ‘बदलापूर’ सामान्य सूडकथेच्या पुष्कळ वर आहे. वरुण धवनचा रघू जसजसा सूडाच्या जवळ जातो तसतशी प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्यापासून सुटत जाते, आणि नवाजुद्दीन सिद्दिकीने रंगविलेला, कर्करोगाने मरणपंथाला लागलेला गुन्हेगार लियाक अखेर रघूचे खून स्वतःच्या अंगावर घेतो. या उलटापालटीचे रहस्य आस्वादाच्या भाषेत सांगता येते. लियाकला जगण्याची भूक आहे. थोडे दिवस उरले आहेत म्हणून ती वाढली आहे. रघूला भूक उरलेली नाही. त्याच्या पंधरा वर्षांत वार नाहीत, सण नाहीत, सुटी नाही. एकच चव दीर्घकाळ जिभेवर ठेवून त्याने बाकीच्या सर्व चवी घालविल्या आहेत. त्याचा उपवास खरा आहे. पण पारणे म्हणून त्याने जे योजिले आहे ते अन्न नव्हे.

मात्र प्रत्यक्ष बदलापूर या चित्रपटात नाममात्रच आहे. जून उजाडला की स्थानकाच्या परिसरात डोंगरातील ठाकूर-कातकरी स्त्रियांच्या पाट्यांतून जांभळे आणि त्यामागून शेवळी, टाकळा, कंटोळी येऊ लागतात. गाडीतून उतरलेला माणूस दमलेल्या अवस्थेतही त्या पाटीपाशी थांबतो, कारण आणखी चार आठवड्यांनी ती भाजी मिळणार नाही हे तो जाणतो. अशा गावात रघूसारखा कोणाचाही न झालेला माणूस ठेवल्यास त्याचे एकाकीपण अधिक उठून दिसले असते. गाव रिकामे दाखविल्यामुळे माणसाचे रितेपण सिद्ध करण्याची एक संधी चित्रपटाने गमावली.

६

भूक कोणाची, या प्रश्नाचा असा विचार केल्यावर दुसरा प्रश्न उरतो : शिजविले कोणी? तो विचारण्याचे धैर्य त्याच २०१५ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने दाखविले. वरवर पाहता हा एका लोकशाहिरावरील खटल्याचा चित्रपट. त्याची घटना मुंबईत घडते. तथापि न्यायालय सुटल्यावर कॅमेरा तेथील माणसांच्या पाठोपाठ घरी जातो, आणि या प्रवासात कल्याणपलीकडील नगरांना आपला दिनक्रम ओळखू येतो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील नूतन लोकलच्या डब्यात सोबतिणीशी साडी आणि घरचे खाणेपिणे यांविषयी बोलते, मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. बचावाचा वकील विनय व्होरा सुपरमार्केटमध्ये शांतपणे स्वतःसाठी जिन्नस निवडतो. दोघेही एकाच न्यायालयातून निघाले. संध्याकाळ मात्र एकालाच मिळाली.

पुढे सुटीच्या दिवशी नूतनचे कुटुंब बाहेर जेवते आणि नाटक पाहते. हा तिचा पारण्याचा दिवस. ते नाटक परप्रांतीयांची टवाळी करणारे आहे, आणि प्रेक्षागृह मनमुराद हसते. ताम्हाणे येथे कोणावर दोषारोप करीत नाहीत. दमलेल्या माणसाच्या भुकेचा लाभ कोणीही घेऊ शकतो, एवढेच ते दाखवितात. जय संतोषी माँच्या प्रेक्षक स्त्रीची पूर्वतयारी आणि नूतनची पूर्वतयारी यांत जातीचा फरक नाही; दोघीही दिवसभर राबून पडद्यासमोर अथवा रंगमंचासमोर बसल्या आहेत. पहिलीला गूळ-चणे मिळाले, दुसरीला शेजाऱ्याविषयीचा तुच्छभाव. उपवास प्रेक्षकाला ग्रहणशील करतो, पण पानात काय पडावे यावर त्याचा अधिकार चालत नाही. म्हणून समीक्षेची जबाबदारी येथे संपण्याऐवजी सुरू होते.

संध्याकाळच्या लोकलमध्ये स्त्रियांच्या डब्यात मांडीवर पिशवी घेऊन पालेभाजी निवडणाऱ्या स्त्रिया हे मध्य रेल्वेवरील परिचित दृश्य आहे. त्यांच्या घरी दोन सुट्या असतील तर दोन्ही दिवशी स्वयंपाक वाढतो. शुक्रवारी कारखान्यातून मोकळ्या झालेल्यासाठी आणि रविवारी कचेरीतून मोकळ्या झालेल्यासाठी. भरतांच्या दृष्टान्तात जेवणारा प्रसन्नचित्त आहे, अन्न सुसंस्कृत आहे. संस्कार करणारे हात दृष्टान्ताबाहेर आहेत. सिंधी समाजाने मात्र त्या हातांची आठवण एका सणात ठेवली आहे. श्रावणातील थदडीला आदल्या दिवशी शिजविलेले लोले आणि कोकी थंडच खातात. चुलीची पूजा करतात आणि ती पेटवीत नाहीत. हेतू शीतळादेवीच्या आराधनेचा असला तरी त्या एका दिवशी चूल आणि तिच्यापाशी उभी राहणारी, दोघींनाही विश्रांती मिळते. वर्षातून एकदा का होईना, स्वयंपाकिणीच्या सुटीला धर्माची मान्यता मिळालेली आहे. तो थंड घास ज्याला रुचला त्याला भरतांच्या दृष्टान्तातील उणीव समजली असे म्हणता येईल.

७

आता लयच सैल होत आहे. चित्रपट हातातील भ्रमणध्वनीवर कोणत्याही वारी, कोणत्याही घटकेस उपलब्ध असतो. बदलापूरच्या गाडीत उभा असलेला प्रवासी तो तुकड्यातुकड्यांनी पाहतो. दाल-पकवान मागविताच दुचाकीवरून दारात येते. याचा केवळ शोक करणे योग्य होणार नाही. ज्या स्त्रीला चित्रपटगृहात जाण्यासाठी घरातील चौघांचे जेवण आधी उरकावे लागे, तिला रात्री अकरा वाजता, कानात यंत्र घालून, आपल्या पसंतीचा चित्रपट एकटीने पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. कदाचित तिच्या आयुष्यातील हे पहिलेच स्वतःचे ताट असेल.

परंतु जे सदैव मिळते त्याचे पारणे होत नाही, हाही अनुभव तितकाच खरा आहे. नष्ट होत आहे ती इमारत नसून नेमलेला दिवस आहे, आणि त्या दिवसाची सर्वांनी मिळून पाहिलेली वाट आहे. दोन सुट्यांनी विभागलेल्या घराला एकत्र आणणारे निमित्त त्या वाट पाहण्यातच होते. यापुढे आस्वादाची चर्चा करताना कलाकृतीच्या गुणदोषांबरोबर या दोन गोष्टींची नोंद ठेवावी लागेल : प्रेक्षक कशाची वाट पाहून आला, आणि त्याला वाट पाहता यावी म्हणून घरात कोण थांबले नाही. उल्हास खोऱ्यातील आठवड्याने रसचर्चेला दिलेली ही पुरवणी आहे. पारण्याचे ताट वाढणारी व्यक्ती त्याच पंक्तीला बसेल, तेव्हाच ‘सुमनस्क प्रेक्षक’ ही संज्ञा सर्वांना लागू पडेल.